शनिवारचे तात्या गेले

शनिवारचा_गडी

मंगळवारी पहाटे तात्या गेले. दहा वाजेपर्यंत पंचगंगेवर सगळं आटोपलं. बऱ्याच जणांना कळवायचं राहून गेलं, म्हणून हा धागा.

नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. आणि शुक्रवार पेठेतल्या त्या माडीवर ज्यानं एक शनिवार जरी काढलाय त्याला नावाची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दिवसा उद्यमनगरात लेथवर, लग्नसराईत कर्णे घेऊन खेडोपाडी, आणि दर शनिवारी संध्याकाळी सातला स्वतःच्या माडीवर रेकॉर्ड लावून बसणारा माणूस. वर्गणी नाही, पावती नाही, नोंदणी नाही. आम्ही आपले 'क्लब' म्हणायचो. चपला जिन्यात, मोबाईल बंद, तोंडही बंद.

'डीजे' हे नाव कॉलेजच्या पोरांनी दिलं. जिन्यातल्या फळ्यावर कुणीतरी खडूनं 'डीजे तात्या' लिहिलं. आम्हाला वाटलं आता पोरं मार खाणार. तात्यांनी विचारलं, ह्याचा फुलफॉर्म काय? डिस्क जॉकी, कळलं. "जॉकी म्हंजे रेसच्या घोड्यावरचा न्हवं?" म्हणाले आणि गप्प झाले. फळा काही पुसला नाही. आपल्याकडं डीजे म्हटलं की ट्रॅक्टरवरची बॉक्सची भिंत आणि छातीत धडधड. त्याच शब्दाचा हा माणूस असा, की आवाज वाढवा म्हटलं तर म्हणायचा, "पुढं सरकून बस."

ज्याला जे आठवेल ते लिहा. गोडच लिहायला पाहिजे असं नाही.

पुण्यात_पडलेला

अरे देवा. दिवाळीत गेलो होतो तेव्हा ठणठणीत होते. मला बघून पहिलं वाक्य, "केस गेलं की रे सगळं." 

मी सायन्सला असताना पहिल्यांदा गेलो, तेही पावसात थांबायला म्हणून. त्या दिवशी केसरबाई केरकरांच्या गाण्याची रेकॉर्ड लावली होती. मला काही कळलं नाही, खरं सांगतो. निघताना तात्यांनी विचारलं, काय ऐकलंस? मी म्हटलं, काहीच कळलं नाही. म्हणाले, "बरं झालं. कळलं म्हणणारं पुढच्या शनवारी येत न्हाईत."

मग व्हॉयेजरची गोष्ट. ती प्रत्येक नवीन माणसाला ऐकवायचेच. १९७७ साली अमेरिकेनं दोन यानं सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या ठेवल्या, आणि त्यांत आपल्या केसरबाईंची भैरवी आहे. सूर्यमालेच्या बाहेर गेली ती. इथपर्यंत सगळेच सांगतात. तात्यांचा भाग पुढचा. ती तबकडी मिनिटाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांच्या वेगानं वाजवायची आहे. मग ते आपल्या गॅरार्डकडं, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशीनकडं, बोट दाखवायचे. त्याला चार वेग होते, १६, ३३, ४५ आणि ७८. "सोळा कशाला ठिवलाय कंपनीनं, कुणी वापरत न्हाई, असं सगळी म्हणत्यात. आता परत आली तर कुठं लावणार? हितंच की."

उलटतपासणी

श्रद्धांजली. मी दोनतीनदाच गेलो होतो. एक तपशील मात्र नीट असावा. केसरबाई कोल्हापूरच्या नव्हेत, गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी आठेक महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा पुष्कळ नंतर, १९२१ साली बांधला. 'आपल्या केसरबाई' म्हणणं जरा ओढूनताणून आहे.

शनिवारचा_गडी

@उलटतपासणी, बरोबर आहे. पण हे तात्यांच्या तोंडावर म्हणाला असतास तर त्यांनी सांगितलं असतं, आठ महिने कोल्हापूरचं पाणी प्यालं की माणूस कोल्हापूरचंच.

अल्लादिया खाँसाहेबांचा विषय निघालाच आहे तर मार्चची बैठक आठवते का कुणाला?

तिठ्यावरची

मला आठवते. खाँसाहेब १६ मार्च १९४६ ला गेले. त्याच्या जवळच्या शनिवारी तात्या त्यांच्या मुलाच्या, भूर्जीखाँसाहेबांच्या परंपरेतलं, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूरांचं वगैरे ऐकवायचे. पण त्याआधी फिरत्या थाळीवर काहीच न ठेवता मशीन चालू करायचे. सुईचा दांडा उचललेला, खाली थाळी नुसतीच फिरतेय. तीन मिनिटं. कारण शाहू महाराजांच्या दरबारचा एवढा मोठा गवई, त्याचं गाणं तबकडीवर उतरलंच नाही. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात, म्हणून तेवढीच मिनिटं.

पहिल्यांदा मला हसू आवरेना. दुसऱ्या वर्षी खाली रस्त्यावरून जाणारा भंगारवाला, जिन्यात कुणाची तरी छत्री टपकतेय, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी, असं सगळं ऐकू आलं. तिसऱ्या वर्षी मुद्दाम त्याच बैठकीला मुंबईहून आले.

बाईमाणसानं तिथं जाऊन बसणं त्या काळात सोपं नव्हतं, हेही लिहिते. मी अकरावीत होते. तात्यांनी काही भाषण दिलं नाही. फक्त त्या दिवसापासून काकू चहा ठेवून आत न जाता दाराशी पाट टाकून बसायला लागल्या. मग माझ्या आईनं पुन्हा विचारलं नाही.

बॉक्सवाला_भावा

मी हितं लिवावं का नको असा दोन दिस विचार केला. तात्या माझं चुलत चुलतं. आमचा धंदा तुमी सगळी ज्याला शिव्या घालता त्योच, डॉल्बीचा.

पयला अँप्लिफायर मला तात्यांनीच दिलाता, अहुजाचा, जुना. कर्ण्याचं दिस संपलं तवा त्यांनी स्वतः धंदा सोडला, पर मला "करू नगं" म्हणालं न्हाईत. भांडाण झालं ते येगळ्याच गोष्टीवरनं. मिरवणुकीत पापाच्या तिकटीला माझं बॉक्स लागलेलं. तात्या घरातनं चालत आलं, गर्दीतनं वाट काढत, आणि सगळ्यांम्होरं माझ्या मशीनचं बटान खाली केलं. मंडळाची पोरं तापली. मी पन तापलो. दोन वर्सं बोललो न्हाई.

मग एकदा माझा नवा सेट काय केल्या वाजंना. म्हंजे वाजायचा, पर बेस न्हाई. आवाज फुल्ल केला तरी पोकळ. दोन मेस्त्री झालं. शेवटी बायकोनं तात्यांस्नी फोन केला, मला न सांगता. आलं. बघितलं बी न्हाई माझ्याकडं. खिशातनं पेन्सिल सेल काढला, एकेका स्पीकरला वायर टेकवली. एकाचा पडदा भाईर येतोय, दुसऱ्याचा आत जातोय. उलटी जोडलीवती एका बॉक्सची वायर. एक हवा ढकलतोय, दुसरा वडतोय, दोघं मिळून शून्य. वायर बदलली आणि निम्म्या आवाजात बेस आला.

जाताना म्हणालं, "आवाज म्हंजे वॉल्यूम न्हवं रे भाड्या."

एवढंच. त्या दिसापासनं माझ्या सेटवर निम्म्याच्या वर बटान जात न्हाई असं म्हणणार न्हाई, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइक ऐकत न्हाई. पर वायर तपासल्याबिगर मशीन चालू करत न्हाई.

मंगळवार_पेठ

भावा, मनापासून लिवलंस. पण त्या बॉक्सपायी माझ्या आज्जीची खिडकीची तावदानं गेलीत, ते पण ध्यानात ठेव. रात्री दहाच्या नंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. आमच्या गल्लीत पंचावन्न डेसिबल म्हणजे मिरवणूक यायच्या आधीची भांडणं.

कान_नाक_घसा

मी डॉक्टर आहे, तात्या माझे पेशंट नव्हते, बैठकीतले सोबती होते. त्यामुळे जे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे तेवढंच लिहितो. त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता. उजव्यातलेही वरचे सूर गेले होते.

कारण उघड आहे. पंचवीसेक वर्षं कर्ण्यांच्या शेजारी उभं राहणं, आणि दिवसा लेथ. अशा आवाजानं आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं खचतं. माणसाला वाटतं सगळं ऐकू येतंय, पण 'स' आणि 'फ' यांतला फरक पुसट होतो, आणि गर्दीत बोलणं लागेनासं होतं. ८५ डेसिबलला आठ तास चालतात असं धरलं तर पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. शंभराला हिशेब येतो पंधरा मिनिटांचा. आतल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बॉक्सवाल्या मित्रा, तुला दोष देत नाही, पण कानात बोळे घालत जा. कापसाचे नव्हे, मेडिकलमध्ये फोमचे मिळतात ते.

आता मला चकित करणारी गोष्ट. शेवटची सातआठ वर्षं हा माणूस आम्हाला जे ऐकवत होता त्यातलं निम्मं त्याला ऐकू येत नव्हतं. ते स्पीकरच्या लाकडी खोक्यावर हात ठेवून उभे राहायचे. मला वाटायचं सवय आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, "तंबोरा हाताला लागतो अजून. तानपलटं डोक्यात हायत."

उलटतपासणी

हे माहीत नव्हतं. तरी एक बोलतो, राग मानू नका. तात्या फर्माईश कधीच घेत नसत. मी एकदा एक सिनेमाचं गाणं मागितलं तर अख्ख्या माडीसमोर म्हणाले, "ते पानपट्टीवर ऐक." मी परत गेलो नाही. संगीतावर प्रेम असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या आवडीला तुच्छ लेखणं वेगळं.

शनिवारचा_गडी

हे खरं आहे. माझ्याही बाबतीत झालंय. त्यांची बाजू घेत नाही. फक्त माहिती म्हणून सांगतो, सिनेमाच्या रेकॉर्डी त्यांच्याकडं भरपूर होत्या, लग्नात त्याच लावून पोट भरलं. सुधीर फडके कोल्हापुरात जन्मले याचा अभिमान तर इतका की कुणी पुण्याचे म्हटलं की उठून उभे राहायचे. शनिवारी मात्र नाही म्हणजे नाही. कदाचित चोवीस तास लोकांच्या फर्माईशी वाजवणाऱ्याला आठवड्यात दोन तास स्वतःचे हवे असतील. तरी तोंडावर बोलायला नको होतं.

घाटाखालचा

पुराचं कुणीच कसं लिहिलं नाही?

तात्यांच्या घरात खाली रेकॉर्डीच्या फळ्या, वर बैठक. राजाराम बंधाऱ्याची पातळी ते रोज विचारायचे. ३९ फूट म्हणजे इशारा, खालच्या दोन फळ्या वर न्यायच्या. ४३ म्हणजे धोका, एलपी सगळ्या माडीवर. जड लाखेच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या मात्र खालीच, पण सगळ्यांत वरच्या फळीवर. ती फळी २००५ च्या पुराची खूण होती तिच्या हातभर वर ठोकलेली. पेठेत सगळ्यांनीच २००५ ची खूण म्हणजे देवाची रेघ धरली होती. २०१९ च्या ऑगस्टला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. रेघ बुडाली, फळीपण.

पाणी उतरल्यावर आम्ही सहाजण गेलो. चिखलाचा तो वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. कागदी पाकिटांचा लगदा झालेला. एकजण उत्साहानं स्पिरिटची बाटली घेऊन आला, तर तात्या ओरडले. पुराच्या दोन आठवड्यांत त्यांचा तेवढाच आवाज ऐकला. लाखेची तबकडी स्पिरिटनं विरघळते. प्लास्टिकच्या एलपीचं वेगळं, हिचं वेगळं. मग पद्धत ठरली. साधं स्वच्छ पाणी, साबणाचे चार थेंब, जुन्या सुती साडीचा तुकडा, आणि पुसायचं ते घरांच्या, म्हणजे तबकडीवरच्या कोरीव रेघांच्या दिशेनं, गोल, आडवं कधीच नाही. मधलं लेबल भिजू द्यायचं नाही, पण ते आधीच भिजलेलं. वाळवायला उभी ठेवायची, उन्हात नाही, वाकते. एवढ्या तबकड्या उभ्या कुठं ठेवणार? काकूंनी स्वयंपाकघरातलं ताटाळं काढून दिलं. मग शेजारच्या तीन घरांतली ताटाळी आली. त्या आठवड्यात गल्लीतली ताटं जमिनीवर होती आणि ताटाळ्यांत अब्दुल करीम खाँसाहेब.

पुष्कळशा तबकड्यांची लेबलं गेली. लेबलाच्या कडेला कोऱ्या पट्टीत एक नंबर कोरलेला असतो, तो तात्यांनी भिंगातून वाचून वहीत लावला. काही नंबर वाचून, काही वाजवून, अशी एकेकीला नावं परत दिली. जुन्या तबकड्यांत शेवटी गवई स्वतःचं नाव सांगतात, ते तिथं कामाला आलं. गौहरजानच्या १९०२ पासूनची ती पद्धत, साचे परदेशी जायचे, तिथल्या कारागिराला कळावं गाणारं कोण म्हणून. तरी काही उरल्याच. त्यांच्यावर पांढऱ्या खडूनं 'बिननावाची' लिहिलंय आणि पुढं आकडा.

पुण्यात_पडलेला

ताटाळं! वाचून हसलो आणि मग जरा वेळ मोबाईल बाजूला ठेवला.

मंगळवार_पेठ

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. तात्या पण होते, चपला न घालता आलेले. शाहू महाराजांच्या काळचं, १९१५ चं पॅलेस थिएटर ते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. कोण काय बोलणार. तात्या तिथल्या तिथं एका पोलिसाला सांगत होते, आत स्टेजवरनं बोललेलं शेवटच्या रांगेत माईकशिवाय कसं ऐकू यायचं ते. तो बिचारा मान हलवत होता.

शनिवारचा_गडी

आता कामाचं. येत्या शनिवारी सातला बैठक घ्यायची असं काहीजणांचं म्हणणं आहे, माडीवरच. मार्चसारखी तीन मिनिटं रिकामी थाळी फिरवावी असाही प्रस्ताव आहे. मी काकूंना विचारतो.

दुसरं, गॅरार्डचं आतलं रबरी चाक कडक झालंय, वेग हेलकावतो. ते चाक तात्या स्वतः लेथवर घासून आणायचे. उद्यमनगरातलं कुणी आहे का इथं? आणि अठ्ठ्याहत्तरची सुई संपत आलीय. एलपीची चालणार नाही, ती बारीक असते, रुंद घरात तळाला घासते आणि नुसती खरखर येते.

घाटाखालचा

रिकामी थाळी नको. ती ज्यांची रेकॉर्ड नाही त्यांच्यासाठी होती. तात्यांचा आवाज आहे की, माझ्याकडं कॅसेट आहे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेत कर्ण्यावरून हरवलेल्या पोरांची नावं पुकारायचे, ती. "निळा शर्ट, नाकाला शेंबूड, नाव सांगत न्हाई, फक्त आज्जी म्हणतंय. अशी आज्जी कुणाची असंल तिनं मंडपाजवळ यावं."

माझं मत, बिननावाच्या लावूया. सगळे मिळून ओळखूया.

तिठ्यावरची

बिननावाच्या लावूया, मी येते. पण एक विचारू का? इतकी वर्षं दर शनिवारी चाळीस कप चहा काकूंनी केला. त्यांना काय ऐकायला आवडतं हे आपल्यापैकी कुणी एकदा तरी विचारलं? मी नाही विचारलं. आज लाज वाटली म्हणून लिहिलं.

बॉक्सवाला_भावा

चाक माझ्याकडं द्या. माझा मेव्हना लेथवर हाय. जुनं चाक मापाला लागंल, फेकू नका.

कान_नाक_घसा

अठ्ठ्याहत्तरची सुई मुंबईतल्या एका संग्राहकाकडं आहे, बोलतो. शुक्रवारपर्यंत पोचेल.

शनिवारचा_गडी

काकूंकडं जाऊन आलो. बैठकीला हो म्हणाल्या. रेकॉर्डी विकायच्या का ठेवायच्या ते तेरावं झाल्यावर बघू म्हणाल्या, तोवर कुणी तो विषय काढू नये.

मग @तिठ्यावरची म्हणाली ते विचारलं. काकू, तुम्हाला काय ऐकायला आवडतं? आधी म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं. मी बसून राहिलो. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "मला सातच्या बातम्या आवडायच्या. लग्न होऊन आले तवापासनं एका शनवारी बघायला मिळाल्या न्हाईत."

तर वेळ बदलली आहे. शनिवारी सातला नाही, साडेसातला. जिन्यात गडबड करू नका, टीव्ही चालू असेल.

बॉक्सवाला_भावा

चाक झालं. साडेसात.